मिठागरातल्या बाईचा दात

दातमास्तरांच्या घरी पार्सल आलं की आधी हात धुतले जात. साबणाने, अगदी कोपरापर्यंत. दिवसभर प्लास्टर आणि मेणात बरबटणारे हात ते; त्यांचा डाग खोक्याच्या पुठ्ठ्याला लागला तर पुढचे आठ दिवस मास्तरांना जेवण गोड लागत नसे. मग टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरायचा, पात्याने चिकटपट्टी अलगद कापायची, आतला डबा दोन्ही हातांनी बाहेर काढायचा आणि पहिल्यांदा त्याचा वास घ्यायचा. हा वास घेण्याचा प्रकार त्यांच्या बायकोने पहिल्यांदा पाहिला त्याला आता बावीस वर्षं झाली. तेव्हापासून तिने या विषयात काही विचारायचंच सोडून दिलं होतं. मास्तरांचे मित्र तिला वहिनी म्हणत, आपणही वहिनीच म्हणू.

मास्तर हे काही शिकवणारे मास्तर नव्हते. दातांच्या लॅबमध्ये ते कवळ्या बनवत. दंतवैद्य रोग्याच्या जबड्याचा साचा घेऊन पाठवायचा आणि मास्तर त्यावर मेणात एकेक दात लावायचे. रोगी कोण, काळा की गोरा, हे त्यांना कधीच कळायचं नाही. जबडा मात्र पाठ. रस्त्यात कोणी हसून नमस्कार केला तर मास्तर आधी दात बघत आणि मग माणूस ओळखत. माणसाचं नाव ते विसरत, पण वाकडा सुळा जन्मात विसरत नसत.

आणि ते सिनेमे जमवत. सगळे नव्हेत. जे सिनेमे थिएटरात तीन दिवस चालले, पहिल्या दिवशी तीस माणसांनी पाहिले, त्यातली दहा मध्येच उठून गेली आणि ज्यांच्यावरून पुढे वीस वर्षं लोक एकमेकांशी भांडले, असे सिनेमे. तेही साध्या डिस्कवर चालत नसत. खास आवृत्ती हवी: नव्याने स्वच्छ केलेली प्रिंट, सोबत जाडजूड पुस्तिका, कापून टाकलेले प्रसंग, कॅमेरामनची मुलाखत, वरच्या पुठ्ठ्यावर नवं चित्र आणि आत छापलेला क्रमांक. अशी आठशेच्या वर खोकी घरात होती. पाहुण्यांचं कपाट गेलं, पॅसेजची एक भिंत गेली, आणि मग झोपायच्या खोलीतही डब्यांनी पाय पसरले. आमच्याकडे पाहुण्याला उशी मिळणार नाही, पण एकाच सिनेमाची चार खोकी मिळतील, असं वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायच्या. त्यांचं स्वतःचं केस कापायचं पार्लर होतं, त्यामुळे ऐकणाऱ्यांची कमतरता नव्हती.

या नादाच्या सहा जणांचा एक गट होता. दर दुसऱ्या रविवारी दुपारी ते जमत. गटाचे म्होरके विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, त्यांना सगळे सीलबंद म्हणत. कारण त्यांनी आयुष्यात एकाही डब्याचं प्लास्टिक फाडलं नव्हतं. त्यांच्या काचेच्या कपाटात सगळं कसं चकाकत असे. फाडलं की वस्तू मेली, असं त्यांचं ठाम मत. मग सिनेमा बघायचा कधी, असं मास्तर विचारत. त्यावर सीलबंद असे काही हसत की जणू मास्तरांनी भिंतीवरचं कॅलेंडर खाऊ का, असं विचारलं असावं.

गटात मास्तरांना फारसा भाव नव्हता. त्यांच्याकडे दुर्मीळ म्हणावं असं फार काही नव्हतं. होती ती चुका शोधायची खोड. खाली उमटणारी अक्षरं बोलण्याच्या मागे पडतात, अमुक प्रसंगात आकाश उगाच हिरवट झालंय, पुस्तिकेत कॅमेरामनचा फोटो म्हणून भलत्याच माणसाचा फोटो टाकलाय. ते कंपन्यांना लांबलचक पत्रं लिहीत. उत्तर कधी आलं नाही. इतकी वर्षं आपण डोळ्यांत तेल घालून बघतोय ते कुणाच्या तरी कामी यावं, एकदा तरी कुणी म्हणावं की हो, तुम्हाला दिसलं ते बरोबर आहे, एवढीच त्यांची इच्छा होती. ती ते कुणाला बोलून दाखवत नसत. पण पोस्टमन आला की ते कान टवकारत.

आणि एका मंगळवारी उत्तर आलं. नुसतं उत्तर नव्हे, पार्सल आलं.

गटाचा सगळ्यात लाडका एक जुना सिनेमा होता. मिठागरात काम करणारी एक बाई, तिची बहीण नाहीशी होते, आणि ही बहिणीच्या रिकाम्या घरी जाऊन राहते. बस, एवढीच गोष्ट. वहिनी त्याला मिठाचा सिनेमा म्हणत, आणि गटातही तेच नाव पडलं होतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या या सिनेमाची मूळ निगेटिव्ह सापडली होती आणि एक छोटी कंपनी त्याची नवी आवृत्ती काढत होती. छपाईच्या आधी त्यांनी दहा जुन्या गिऱ्हाइकांना तपासणीसाठी एकेक डिस्क पाठवली होती. चिठ्ठीत लिहिलं होतं: तुमची आधीची पत्रं आम्ही जपून ठेवली आहेत, या डिस्कमध्ये काही खटकलं तर पुढच्या सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत कळवा, त्यानंतर छपाई सुरू होईल.

मास्तरांनी ती चिठ्ठी चार वेळा वाचली. मग हात धुतले. मग लक्षात आलं की चिठ्ठी आधीच न धुतलेल्या हातांनी वाचून झालीये, आणि त्यांना स्वतःचंच हसू आलं. बुधवारी त्यांनी लॅबमधून रजा टाकली, सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच अंगात ताप नसताना.

पडदे ओढले, डिस्क घातली, आणि मास्तर हरखून गेले. मिठाचे ढीग आधीच्या आवृत्त्यांत नुसते पांढरे दिसायचे. आता एकेक खडा वेगळा. बाईच्या मनगटावरची मिठाने फाटलेली कातडी दिसत होती. तासाभराने तो प्रसंग आला. बाई बहिणीच्या घरात आरशासमोर बसते, बराच वेळ बसते, मग उठते. पुढची एकोणीस मिनिटं ती त्या घरात एकटीच वावरते. मास्तरांनी हा भाग अकरा वेळा पाहिला होता. बाराव्या वेळी बाई खिडकीपाशी उभी राहून किंचित हसली आणि मास्तर खुर्चीतून ताडकन उठले.

या बाईचा समोरचा डावा दात उजव्यावर जरासा चढलेला होता. मास्तरांना तो दात स्वतःच्या सख्ख्या नातेवाइकासारखा ओळखीचा. आणि इथे, या स्वच्छ, चकचकीत चित्रात, उजवा दात डाव्यावर चढला होता.

त्यांनी मागे नेऊन पाहिलं. सुरुवातीला डावा. खिडकीपाशी उजवा. पुन्हा पाहिलं. एकोणीस मिनिटांत ती तीनदाच ओठ उघडते, आणि तिन्हीदा उजवा. म्हणजे एवढा भाग उलटा छापला होता, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. आजवर कुणाला कळलं नाही, कारण कळायला जागाच नव्हती. त्या घरात ना घड्याळ, ना पाटी, ना पुस्तक. अंगात बिनगुंड्यांचा झगा, केस वर बांधलेले, बोटात अंगठी नाही. सगळ्या घरात डावं-उजवं सांगणारी एकच गोष्ट होती आणि ती बाईच्या तोंडात होती.

मास्तरांनी कपाटातून आधीच्या चारही आवृत्त्या काढल्या. जुनी टेप, साधी डिस्क, पत्र्याचा डबा, मोठं खोकं. चारही ठिकाणी तीच उलटापालट. चाळीस वर्षं सगळे तीच चूक पुढे ढकलत आले होते. मास्तर घरभर येरझाऱ्या घालू लागले, पाय जमिनीला टेकत नव्हते. शेवटी ते तसेच चपला अडकवून वहिनींच्या पार्लरमध्ये जाऊन थडकले आणि एका गिऱ्हाइकाच्या ओल्या डोक्यावरून त्यांनी ही बातमी सांगितली. वहिनी कात्री न थांबवता म्हणाल्या की बरं झालं, आता घरी जाऊन जेवा, भात झाकून ठेवलाय.

त्यांनी कंपनीला ईमेलने पत्र पाठवलं आणि दुसऱ्याच दिवशी लॅबमध्ये फोन आला. सिनेमाची प्रिंट दुरुस्त करणाऱ्या बाई स्वतः बोलत होत्या. आवाज थंड, शब्द मोजून. त्यांनी सांगितलं की आपण निगेटिव्ह जशी मिळाली तशीच उतरवली आहे; तो एकोणीस मिनिटांचा भाग मूळ निगेटिव्हचा नसून मधे जोडलेल्या एका नकलेचा आहे हे खरं, पण केवळ एका दाताच्या भरवशावर चाळीस वर्षांचा सिनेमा फिरवता येणार नाही. सावलीत दात कसाही दिसू शकतो.

सावलीत दात कसाही दिसू शकतो हे वाक्य मास्तरांच्या वर्मी लागलं. त्या दुपारी त्यांनी हातातल्या दोन कवळ्या बाजूला सारल्या आणि मेण तापवायला घेतलं. सिनेमाच्या पहिल्या तासातली चौदा चित्रं समोर मांडून त्यांनी त्या बाईचे वरचे सहा दात मेणात घडवले. लांबी, रुंदी, चढलेल्या दाताचा कोन, सुळ्याची झिजलेली टोकं. लॅबमधल्या माणसांना वाटलं कुणी बडा रोगी आहे. मग त्यांनी त्या मेणाच्या जबड्याचे खिडकीच्या उजेडात फोटो काढले, एक सरळ आणि एक आरशातला, आणि खिडकीपाशी हसणाऱ्या बाईच्या चित्राशेजारी लावून पाठवून दिले. सरळ फोटो कुठेच जुळत नव्हता. आरशातला केसाइतकाही हलत नव्हता.

शनिवारी फोन आला तेव्हा दुरुस्ती करणाऱ्या बाईंचा आवाज पार बदललेला होता. त्या चक्क हसत होत्या. म्हणाल्या, आमच्या इथे तीन माणसांनी सहा महिने हा भाग पाहिला, आणि कुणालाही दिसलं नाही. नक्कल करताना फिल्म उलटी लागली असणार. आम्ही तो भाग सरळ करतोय, आणि पुस्तिकेत पहिल्याच पानावर तुमचा उल्लेख टाकतोय.

मास्तरांनी गटाला कळवलं आणि तिथे एकच गलका झाला. बाकीचे पाचही जण रविवारची वाट न बघता शनिवारीच येऊन धडकले. मेणाचा जबडा हातोहात फिरला. एकाने मास्तरांना खांद्यावर घ्यायची तयारी दाखवली, पण मास्तरांचं वजन बघून बेत बदलला. सीलबंदांनी तर कमाल केली: त्यांनी सोबत आणलेल्या पिशवीतून मिठाच्या सिनेमाचा स्वतःचा जुना डबा काढला, सगळ्यांसमोर त्याचं प्लास्टिक नखाने टरकन फाडलं आणि दात पाहायला चष्मा लावला. पाहून झाल्यावर त्यांनी मास्तरांपुढे दोन्ही हात जोडले. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी लपवलंही नाही.

एवढं सगळं झालं, पण घरच्या माणसाने काही पाहिलं नव्हतं. सोमवारी पार्लर बंद असायचं. दुपारी जेवणं झाल्यावर मास्तरांनी वहिनींना हाताला धरून आणून सोफ्यावर बसवलं. नवी डिस्क त्यांनी तपासून परत पाठवली होती, म्हणून जुन्या व्हीसीआरमध्ये टेप सरकवली. सुरुवात कशाला बघतेस, थेट मुद्द्याकडे जाऊ, असं म्हणत त्यांनी टेप आरशाच्या प्रसंगापर्यंत पुढे पळवली. वहिनींनी मांडीवर हात ठेवून एकोणीस मिनिटं पाहिली. मास्तर शेजारी उभं राहून बोटाने दात दाखवत होते, इथे बघ, आता बघ, हे बघ. शेवटी पडद्यावरची बाई परत त्या खोलीत येते, आरशावर चादर टाकते, आणि पुढच्या क्षणी मिठागरात बाकीच्यांबरोबर उभी असते.

"चूक कुठे आहे?" वहिनींनी विचारलं.

मास्तरांनी पुन्हा सगळं समजावलं. वहिनी मान हलवत राहिल्या.

"अहो, ती आरशातलीच आहे ना," त्या म्हणाल्या. "खरी अजून तिथेच बसलीये. उठून गेली ती आरशातली. मी दिवसभर माणसं आरशातच बघते, मला ती बघताक्षणी कळली. माझी गिऱ्हाइकं रस्त्यात भेटली की मला अश्शीच कुणीतरी भलती वाटतात. आणि चादर टाकल्यावर परत खरी आलीच की."

मास्तर हसले. म्हणाले, अगं, ही नक्कल करताना झालेली चूक आहे, खुद्द दुरुस्ती करणाऱ्या बाई म्हणाल्यात. फिल्मचं एक अख्खं रीळ उलटं लागलंय. हे बघ, जुन्या टेपवर रीळ बदलण्याची खूणसुद्धा दिसते. थिएटरातल्या माणसाला कळावं म्हणून रीळ संपायच्या आधी चित्राच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल ठिपका येतो. तो आला की नवं रीळ, आणि तिथूनच उलटं.

ते ठिपका दाखवायला टेप मागे घेऊन गेले. आरसा आला. बाई उठली. ठिपका नव्हता. मास्तर वाट बघत राहिले. बाई खिडकीपाशी गेली, हसली, उजवा दात दिसला. ठिपका नाही. ती जिना चढली, उतरली, रिकाम्या पलंगावर बसली. आणि मग, आरशानंतर चांगल्या चार मिनिटांनी, कोपऱ्यात तो गोल ठिपका आला आणि गेला.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. चुकून उलटं लागायचं तर रीळच्या रीळ लागेल. इथे रिळाच्या मधोमध, बाई आरशापासून उठते नेमक्या त्या क्षणी उलटापालट सुरू होते, आणि आरशावर चादर पडते त्या क्षणी संपते. घरात घड्याळ का नाही, झग्याला गुंड्या का नाहीत, ते त्यांना आत्ता कळलं. कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी हे सगळं जपून, ठरवून केलं होतं. दिग्दर्शकाने लपवून ठेवलेली गोष्ट मास्तरांनी शोधली होती, आणि शोधून ती चूक म्हणून पुसायला दिली होती. कवळीवाल्याची खोड, दुसरं काय. वाकडा दात दिसला की सरळ करायचा.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती; पाचनंतर छपाई सुरू होणार होती.

पुढची दोन मिनिटं मास्तर फोनपाशी नुसते उभे राहिले. त्या दोन मिनिटांत त्यांच्या डोळ्यांसमोरून काय काय गेलं ते सांगायला नको: पहिलं पान, सीलबंदांचे जोडलेले हात, बावीस वर्षांची ती सगळी उत्तर न आलेली पत्रं. गप्प बसले असते तर कुणाला कधी कळलं नसतं. सरळ केलेली डिस्क हजार घरांत गेली असती आणि प्रत्येकाने मास्तरांचं नाव वाचलं असतं. वहिनींनी फोनवरचा रुमाल सरकवून फोन पुढे केला.

दुरुस्ती करणाऱ्या बाई फोनवर आल्या. मास्तरांनी एका दमात सांगून टाकलं की माझं चुकलं, दात उलटा आहे हे बरोबर, पण तो उलटाच हवा, ती आरशातली बाई आहे, छपाई थांबवा आणि पहिल्या पानावरून माझं नाव काढा. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग बाई हळूच म्हणाल्या की त्या भागाच्या दोन्ही टोकांना निगेटिव्ह कापून जोड दिलेला आहे, तो खराब तुकडा बदलल्यामुळे असेल असं आम्हाला वाटलं होतं. पण उलटं चित्र हवं असेल तर नक्कलच काढावी लागते, दुसरा उपाय नाही. आणि जोड बरोबर आरशावर आहे. दोन्ही बाजूंनी.

"हे तुम्हाला कसं सुचलं?" त्यांनी विचारलं.

"मला नाही सुचलं," मास्तर म्हणाले. "मी बाराहून जास्त वेळा पाहिलाय. माझ्या बायकोने आज पहिल्यांदाच पाहिला."

बाई म्हणाल्या की मग पहिल्या पानावर त्यांचं नाव टाकते, त्यांना फोन द्या. मास्तरांनी फोन पुढे केला तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू त्यांच्याच नावाचा पुकारा झाला असावा. एक सिनेमा वाचला होता, आणि तो त्यांच्या घरात, त्यांच्या सोफ्यावर वाचला होता.

वहिनींनी फोन घेतला, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नाव काय टाकायचं ते टाका. पण यांनी मला मधलाच तुकडा दाखवलाय. आधी काय झालं आणि शेवटी काय होतं ते मला अजून माहीत नाही. ते बघून घेते, मग बोलू."

फोन ठेवून त्या पुन्हा सोफ्यावर येऊन बसल्या. मास्तरांनी टेप सुरुवातीपर्यंत मागे नेली आणि या वेळी तेही शेजारी बसले, उभे राहिले नाहीत. मिठाचे ढीग आले. बाई टोपली घेऊन चालत आली. मास्तरांनी नजर तिच्या तोंडावरून मुद्दाम वर नेली, डोळ्यांकडे, आणि त्यांना वाटलं की ही बाई आपण कधी पाहिलीच नाही. थोड्या वेळाने त्यांना राहवेना.

"बहीण कुठे गेली असेल गं?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत सिनेमाबद्दल त्यांनी वहिनींना विचारलेला हा पहिला प्रश्न.

"गप्प बसा हो," वहिनी पडद्यावरून डोळे न काढता म्हणाल्या. "मला बघू द्या."

मास्तर गप्प बसले.